सोलापूर ते मालवण : कामकऱ्यांच्या सोबतीत सहा दिवस

दहावीच्या वर्गाला "पुढे काय व्हायचे आहे?" हा प्रश्न मी सत्तावीस वर्षे विचारला. सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या माझ्या शाळेत मराठीबरोबर व्यवसाय मार्गदर्शनाचे तासही माझ्याकडे होते. २०१६ साली मंडळाची कलचाचणी सुरू झाली, तेव्हा तिचे निकाल मुलांना समजावून सांगण्याचे कामही माझ्याकडेच आले. भिंतीवर व्यवसायांचा एक तक्ता टांगलेला असे. एकदा एका मुलीने तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारले, "बाई, माझी आई विड्या करते. ते यात कुठे आहे?" मी तिला काही तरी उत्तर दिले होते. ते आता आठवत नाही, याचा अर्थ ते आठवण्यासारखे नव्हते. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर मी सहा दिवसांचा प्रवास आखला, तो त्या तक्त्यात नसलेली कामे पाहण्यासाठी आणि ती करणाऱ्यांना त्यांबद्दल काय वाटते हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासाठी.

पहिला दिवस : सोलापूर, कुंभारी

ती मुलगी आता सोलापुरात परिचारिका आहे. तीच मला कुंभारीला आपल्या आईकडे घेऊन गेली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची ही वसाहत दहा हजार घरांची असून ती विडी कामगार महिलांच्या दीर्घ लढ्यातून उभी राहिली आणि २००६ साली घरे त्यांच्या ताब्यात आली. कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा सोलापूरच्या पूर्वभागातील कितीतरी घरांच्या चुली बायकांच्या विड्यांवर पेटत राहिल्या. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांतल्या या बायका घरात तेलुगू बोलतात आणि दारात आलेल्या माणसाशी मराठीत बोलतात.

अक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याचा लहानसा साचा पानावर ठेवून कात्रीने ते त्या मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. हे सारे त्या माझ्याकडे पाहत, माझ्याशी बोलत करत होत्या आणि त्यांची नजर सुपाकडे क्वचितच जात होती. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सकाळी पाणी भरल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसावे लागते. मध्ये स्वयंपाक, भांडी, नातवंडे हे सगळे येतेच. पाठ, मान आणि डावा अंगठा कायम दुखतो.

"काम आवडतं का?" असे मी विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नाचाच अर्थ लागेना. लेकीने तो तेलुगूत समजावल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हाताला सवय झालीया. बोटं रिकामी राहिली तर मलाच करमत नाही. पण छाट केली की जीव जळतो." छाट म्हणजे ब्रँचमध्ये, कारखान्याच्या विड्या जमा करण्याच्या ठिकाणी, विड्या मोजून घेताना नापसंत म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांची मजुरी मिळत नाही. दिलेली पाने किडकी किंवा फाटकी निघाली तर हजार विड्या भरत नाहीत आणि कमी पडलेली पाने पदरच्या पैशांनी आणावी लागतात. आपण सात-आठ तास वळलेली विडी कुणी दोन बोटांत धरून क्षणात बाजूला टाकतो, आणि का टाकली हे विचारता येत नाही, ही त्यांची खरी तक्रार होती. तंबाखूचा वास, पाठदुखी, खोकला यांबद्दल त्या मी विचारले म्हणून बोलल्या. छाटीबद्दल मात्र त्या आपणहून तीनदा बोलल्या.

विडी कामगारांसाठी झालेल्या कायद्यांमुळे त्यांना ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. विडी कामगार कल्याण निधीतून मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. लेकीने विडीला हात लावू नये म्हणून त्यांनी तिला लहानपणी सुपाजवळ बसूच दिले नाही. "मी चोरून शिकले होते," असे लेकीने आईच्या पाठीमागून मला सांगितले, आणि तिच्या स्वरात थोडा अभिमान होता.

दुसरा दिवस : मिरज

कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला या मार्गाने गाडी मिरजेला जाते. हा लोहमार्ग एकेकाळी अरुंद मापाचा होता आणि माझ्या आजीच्या तोंडी 'बार्शी लाइट' हे नाव अखेरपर्यंत राहिले. पंढरपूर सोडताना मी खिडकीतून भोपळ्यांचे वेल शोधत होते. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठे, जाड सालीचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातील शेतकरी पिकवतात हे मी वाचले होते. गाडीतून मला ते दिसले नाहीत, पण दुपारी मिरजेत एका माळ्यावर पन्नासएक भोपळे वाळत टांगलेले पाहिले.

मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या, ती दुरुस्त करणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे त्याची सुरुवात जाते. शस्त्रांचे दिवस संपत आले आणि संस्थानी आश्रयाने गाणेबजावणे वाढले, तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. आजही सतारमेकर हे तिथले आडनाव आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, १९३७ साली ते गेले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मी ज्यांच्याकडे बसले, ते चाचा सत्तरीचे असावेत. त्यांचा मुलगा दांडी आणि भोपळा यांचा जोड बसवत होता, नातू पॉलिशच्या कामात होता आणि चाचा स्वतः फक्त जवारी काढत होते. जवारी हा शब्द मी गाण्याच्या संदर्भात कैकदा ऐकला होता, पण जवारी काढताना मी प्रथमच पाहत होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अतिशय मंद उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर किंचित घासत कंप पावते आणि त्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, एका स्वरात अनेक स्वर मिसळलेला नाद उमटतो. चाचा कानशीने घोडीवर दोनदा घासत, तार चढवत, छेडत, ऐकत, पुन्हा तार उतरवत. एक तंबोरा त्यांनी माझ्यासमोर दीड तास असा पारखला. मला दुसऱ्या खेपेलाच तो सुरेख वाटला होता. "अजून बोलत नाही," असे ते म्हणत राहिले, आणि एका क्षणी त्यांनी कानस खाली ठेवली. मला आधीच्या आणि त्यानंतरच्या नादातला फरक सांगता आला नसता, पण मुलगा आणि नातू दोघांनीही हातातले काम थांबवून मान वर केली, हे मी पाहिले.

या घरात माझा प्रश्न कुणाला अवघड वाटला नाही. चाचा म्हणाले, "ताई, मोठेमोठे गवई इथे जमिनीवर बसून वाट पाहतात. मी हो म्हणेपर्यंत वाद्य कुणी उचलत नाही. माणसाला याहून काय पाहिजे?" मी मुलाकडे पाहिले. तो वडिलांसमोर काही बोलला नाही. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याने हिशेब मांडला. चांगले तुणीचे लाकूड महाग झाले, पाऊस लांबला की भोपळे कुजतात, आणि शिकणारी मुले आता इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर किंवा मोबाइलमधल्या ॲपवर रियाज करतात. वाद्य खराब वाजले तर नाव मिरजेचे जाते, पण दूरच्या शहरातल्या दुकानात विकले जाते तेव्हा पाटी दुकानदाराची असते आणि किंमतही तोच ठरवतो. मानांकनाने हे बदलावे अशी त्याची आशा आहे. नातवाने वाणिज्य शाखेची पदवी घेतली असून तो दोन्ही दारे उघडी ठेवून आहे. "त्याला कान आहे," बाप म्हणाला, "आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते."

रात्रभर हे वाक्य माझ्या डोक्यात होते. मुलांची 'आवड' आणि 'कल' शोधण्यात मी इतकी वर्षे घालवली. एखाद्या मुलात कल स्पष्ट दिसणे ही बापाला धास्ती वाटावी अशी गोष्ट असू शकते, हे कलचाचणीचा निकाल वाचून दाखवताना माझ्या कधी मनातही आले नव्हते.

तिसरा दिवस : इचलकरंजी

इचलकरंजीत यंत्रमाग दिसण्याआधी ऐकू येतो. १९०४ साली जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या काळात इथे पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि त्यानंतर गल्लीबोळांत, घरांच्या तळमजल्यांवर, पत्र्याच्या शेडमध्ये माग वाढत गेले. मी गेले त्या शेडमध्ये साधे माग होते. आत शिरताच बोलणे अशक्य झाले. कामगार एकमेकांशी ओठांच्या आणि बोटांच्या खुणांनी बोलत होते. बाहेर आल्यावरही ते खुणा करतच बोलतात, आणि तेही फार मोठ्याने.

एका कापडामागे इतकी वेगवेगळी माणसे असतात याची मला कल्पना नव्हती. सायझिंगमध्ये सुताला खळ देणारे, वहिफणी करून उभ्या ताण्याचे शेकडो धागे एकेक करून ओवणारे, कांड्या भरणारे, माग बिघडला की धावणारे जॉबर, कापड तपासणारे, घडी घालणारे आणि हिशेब ठेवणारे दिवाणजी. वहिफणीचे काम करणाऱ्या माणसाचे डोळे मी बराच वेळ पाहत राहिले. पन्नाशीतच त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला होता. तो म्हणाला की धागा चुकला तर ती रेघ कापडात शेवटपर्यंत दिसते आणि मालकाआधी ती आपल्याला दिसते.

मागवाल्या कामगाराची मजुरी पिकावर, म्हणजे कापडात एका इंचात किती आडवे धागे बसले यावर ठरते. २०१३ सालच्या दीर्घ संपानंतर ही पीसरेट मजुरी महागाईशी जोडण्याचा करार झाला होता. त्या दिवसांची आठवण सांगताना एका प्रौढ कामगाराचा चेहरा उजळला. संपात घरी खायला नव्हते, हेही त्याच वाक्यात त्याने सांगितले. शेजारच्या मागावर बिहारहून आलेला एक तरुण होता. दोन वर्षे तो इथे आहे. "माग चांगला आहे, मालकही वाईट नाही, पण झोपेतही आवाज थांबत नाही," असे तो म्हणाला.

शेडचा मालक स्वतःही 'खर्चीवाला' होता. सूत व्यापाऱ्याचे, माग याचे, आणि विणून दिलेल्या कापडावर मिळते ती फक्त मजुरी. विजेचा दर त्याच्या हातात नाही, सुताचा भाव त्याच्या हातात नाही आणि कापडाचा भाव तर नाहीच. मी त्याला मालक समजून कामगारांविषयी विचारत होते आणि तो मला आपल्या मजुरीविषयी सांगत होता. संध्याकाळी हुपरीवरून कोल्हापूरला जाताना चांदीच्या पैंजणांची दुकाने आणि दारात बसून कड्या जोडणाऱ्या बायका दिसल्या, पण मी बसमधून उतरले नाही. कान अजून वाजत होते.

चौथा दिवस : कोल्हापूर

सुभाषनगरात ज्यांच्याकडे गेले, त्यांच्या घरात तीन पिढ्या एकाच खोलीत काम करत होत्या. कोल्हापुरी चप्पल असे आपण म्हणतो. मामा मात्र 'पायताण' म्हणत होते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावले जाते, त्याला बरेच दिवस लागतात. मग रापीने कापणे, तळाचे थर जुळवणे, आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवणे हे सारे हातांनी होते. अस्सल पायताणात खिळा नसतो. कान, अंगठा आणि वेणी बसवल्यावर ते उभे राहते. वेणी बायका घालतात, आणि मामी ज्या वेगाने वादीचे पदर एकमेकांत गुंफत होत्या तो पाहून मला कुंभारीच्या अक्का आठवल्या. कापशी, कुरुंदवाडी अशी नावे असलेले जोड त्यांनी मला ओळखायला दिले, आणि मी एकही ओळखू शकले नाही.

२०१९ साली कोल्हापुरीला महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील एका प्रदर्शनात इटलीच्या प्रादा कंपनीने अशाच घडणीची पादत्राणे नावगाव न सांगता मांडली आणि महाराष्ट्रातून जोराचा निषेध झाल्यावर मूळ मान्य केले. त्या काळात या गल्लीत कॅमेरे येऊन गेले. मामांचा थोरला मुलगा त्याविषयी रागाने बोलत होता. मामांना मात्र राग आला नव्हता. त्यांनी फोटो नीट पाहिला होता आणि त्यातल्या शिवणीबद्दल त्यांचे काही तांत्रिक आक्षेप होते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातडे जवळपास मिळेनासे झाले आणि लांबून मागवावे लागते, ही चिंता त्यांना त्या प्रदर्शनापेक्षा मोठी होती.

मग मी माझा प्रश्न विचारला, आणि खोलीत काही वेळ कुणी बोलले नाही. शेवटी मामी म्हणाल्या, "बाई, पायताण बघून लोक म्हणत्यात, काय हात हाय! आणि त्याच हाताचं पाणी प्यायला मागं-पुढं बघत्यात. मग आवडतं म्हणावं का न्हाई म्हणावं, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? कामाच्या आवडीविषयी मी वर्गात जे शिकवले, त्यात हे काम कुणी निवडले आणि कुणाच्या अंगावर ते जन्माबरोबर आले, हा भेदच नव्हता. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला. ज्यांना जन्माने एकच धंदा दिला गेला त्यांना दुसरा धरण्याची वाट मिळावी, असा त्याचा आशय होता. मामांचा धाकटा मुलगा त्याच वाटेने गेला, तो शासकीय कार्यालयात लिपिक आहे. रविवारी घरी येतो तेव्हा रापी हातात घेतो. कुणी सांगत नाही, तरी घेतो. मामांना ते आवडते. मामींना आवडत नाही, कारण त्याच्या सासरच्या माणसांना ते आवडत नाही. हे सांगताना त्यांनी वेणीवरून नजर उचलली नाही.

मी पायताणाचा एक जोड विकत घेतला. मामांनी सांगितलेल्या किमतीत मी घासाघीस केली नाही आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. दुकानदार आमच्याकडून घेताना नेहमी करतो, एवढेच ते म्हणाले.

पाचवा दिवस : राधानगरी, फोंडा घाट

दिवस बसमध्येच गेला. वाहक तिशीतली बाई होती आणि महिलांच्या अर्ध्या तिकिटामुळे तिची बस बायकांनी भरलेली होती. घाट उतरताना गर्दी जरा कमी झाल्यावर ती माझ्याशेजारी टेकली. या नोकरीत तिला सर्वांत जास्त काय आवडते असे विचारल्यावर तिने खांद्यावरच्या पिशवीवर हात ठेवला. "डेपोत हिशेब दिला आणि तो पैशाला पैसा जुळला, की मला घरी जाताना हलकं वाटतं." सर्वांत जास्त काय खुपते, हे तिने न विचारता सांगितले : लांबच्या मार्गांवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसणे.

सहावा दिवस : मालवण

सकाळी वायरीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे ते ओढत, हळूहळू एकमेकांच्या जवळ येत जातात. तीस-पस्तीस माणसे होती. त्यांत म्हातारे होते, शाळा बुडवून आलेली दोन पोरे होती आणि शेवटी मासळी उचलण्यासाठी टोपल्या घेऊन आलेल्या बायका होत्या. एका काकांनी माझ्याकडे पाहून दोराकडे बोट केले. मी साडीचा पदर खोचला आणि दोर धरला. तळहातांना दहा मिनिटांत फोड आले.

ओढता ओढता काका बोलत होते. "रापण एकट्यान ओढूची गजाल नाय. कोणाक ताप इलो तरी तेचो वाटो तेच्या घराक जाता." जाळ्याचा एक वाटा, होडीचा एक, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा एक. वाटे वाळूवर सगळ्यांसमोर पडतात. मासळीचा थवाच घेरून उचलणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ साली निर्बंध आणले, तरी रात्री दिवे लावून मासळी ओढणाऱ्या मोठ्या नौका दिसतात आणि किनाऱ्यापर्यंत मासळी पूर्वीसारखी येत नाही, असे ते सांगत होते. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरी करतो. तो परत यावा असे वाटते का, असे मी विचारले. काकांनी दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "गणपतीक येता तेवा ओढूक येता," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मासळी आसती तर रवलो असतो."

जाळे वर आले तेव्हा मासळी फार नव्हती. बांगडे, थोडी तारली आणि पुष्कळसा पालापाचोळा. तरीही काळजीपूर्वक वाटे घातले गेले. ढीग लहान-मोठे वाटले की कुणीही बोलत होते, आणि मग एका ढिगातला बांगडा दुसऱ्यात जात होता. मी जवळ उभी राहून ते पाहत होते. आठवडाभर ज्या-ज्या दारात बसले, तिथे मोजणारा माणूस दुसरा होता : ब्रँचमध्ये, दुकानात, व्यापाऱ्याच्या पेढीवर. इथे मोजणारे आणि ओढणारे एकच होते, आणि हाती आलेले मात्र सर्वांत थोडे होते.

शेवटी एका बाईने चार बांगडे पानात गुंडाळून माझ्यापुढे धरले. मी नको म्हटले. मी जेमतेम अर्धा तास दोर धरला होता, आणि तोही नीट नाही.

"हात लावलास मां?" ती म्हणाली. "मगे घे. हो तुझो वाटो."